घरी बांधलेल्या रिब्रीदरची दाबचाचणी आणि ऑक्सिजन सेल : इंदूरच्या वर्कशॉपमधील आकडे व शंका

सांवेररोडकर

नमस्कार मंडळी. इंदूरला सांवेर रोडवर माझे छोटे लेथचे वर्कशॉप आहे. पुतण्याच्या मदतीने तिथे गेल्या पावसाळ्यापासून रिब्रीदर बांधतो आहे. ज्यांना हे यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाणबुड्याने सोडलेला श्वास बुडबुड्यांच्या रूपाने वाया न घालवता हे यंत्र तो सोडा लाइममधून फिरवते, त्यातील कार्बन डायऑक्साइड काढून घेते, शरीराने वापरलेल्या ऑक्सिजनची भर घालते आणि तोच वायू पुन्हा श्वासासाठी देते. सिलिंडर, त्याचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर या उच्च दाबाच्या वस्तू आम्ही तयार व प्रमाणितच घेतल्या आहेत. त्यांवर घरी काहीही करायचे नाही, हे पहिल्या दिवशीच ठरले. आम्ही बांधले ते सोडा लाइमचा डबा, श्वासाच्या पिशव्या, ऑक्सिजन मोजणारे सेल बसवण्याचे डोके आणि हातातील डिस्प्लेचे घर एवढेच.

डिस्प्लेचे घर डेलरिन या कडक प्लास्टिकमध्ये खरादले आहे. त्याची बाहेरून दाब देऊन चाचणी घ्यायची होती, म्हणून प्लंबर लोक पाइपलाइन तपासायला वापरतात तो हातपंप लावला आणि पाण्याने भरलेल्या स्टीलच्या भांड्यात ६ बारपर्यंत दाब नेला. भांडे काठोकाठ पाण्यानेच भरावे, वर हवा राहू देऊ नये, हे कोणी करून पाहणार असेल तर आवर्जून लक्षात ठेवावे. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे त्यात साठणारी ऊर्जा नगण्य असते. तेवढ्याच दाबाच्या हवेत ती हजारो पट असते आणि भांडे फुटले तर तुकडे अंगावर येतात. आत पाणी शिरले का हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. ओळखीच्या सराफाकडून ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आणला, घर कोरडे असताना तोलले, चाचणीनंतर बाहेरून पुसून पुन्हा तोलले.

येथे ध्यानात आलेली गोष्ट अशी की पहिली गळती ६ बारला नव्हे, तर ०.२ बारला सापडली. दाब वाढला की ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारे रबरी कडे, खाचेच्या भिंतीवर अधिक घट्ट बसते आणि बारीक दोष झाकला जातो. दाब कमी असताना तीच ओ-रिंग सैल पडलेली असते. खाचेत सुती फडक्याचा एक धागा अडकलेला होता. म्हणून आता चाचणी कमी दाबापासूनच सुरू करतो आणि बराच वेळ तेथे थांबतो.

शंका आहे ती ऑक्सिजन सेलविषयी. वेगवेगळ्या महिन्यांत तयार झालेले तीन सेल घेतले आहेत. हवेत त्यांची वाचने १०.१, ९.८ आणि १०.४ मिलिव्होल्ट येतात. त्यांना स्टीलच्या लहान भांड्यात ठेवून ऑक्सिजन सोडला आणि गेजवर ०.६५ बार दाखवेपर्यंत दाब वाढवला. निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, १.६ बार झाला, म्हणजे वाचने ८० च्या आसपास यायला हवी होती. आली ती ४३.०, ४१.७ आणि ४४.१. तीन निराळ्या महिन्यांचे सेल एकाच प्रमाणात कमी पडावेत हे मला पटत नाही, त्यामुळे संशय भांड्यावरच जातो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मिलिव्होल्ट

आपला संशय बरोबर आहे. सेल ठणठणीत दिसतात. ऑक्सिजन सोडण्याआधी भांड्यात खोलीतील हवा होती आणि ती बाहेर काढल्याचा उल्लेख आपल्या लेखनात नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, म्हणून येथील हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो आणि त्यात ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातील त्याचा वाटा, ०.१९९ बार भरतो. त्यावर आपण ०.६५ बार ऑक्सिजन चढवला, म्हणजे एकूण आंशिक दाब ०.८५ झाला, १.६ नव्हे. १०.१ ला ०.८५ ने गुणून ०.१९९ ने भागा, ४३.१ येतात. उरलेल्या दोन सेलचा हिशेबही असाच जुळतो.

भांडे भरून सोडणे, पुन्हा भरून सोडणे, या मार्गाने हवा लवकर जात नाही. ०.६५ पर्यंत भरून सोडले की दर खेपेला आधीच्या नायट्रोजनपैकी जवळजवळ साठ टक्के तसाच राहतो. पाच खेपांनंतरही भांड्यातील वायूत सहा टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन उरतो. त्यापेक्षा भांड्याला दोन तोंडे ठेवावीत, एका बाजूने ऑक्सिजन मंद गतीने आत सोडावा, दुसऱ्या बाजूने तो बाहेर वाहू द्यावा, आणि वाचने स्थिरावल्यावरच बाहेरचे तोंड बंद करून दाब वाढवावा. वायू स्थिर वातावरणीय दाबावर असताना वाचन हवेतील वाचनाच्या ४.७७ पट आले पाहिजे. हे गुणोत्तर इंदूरलाही तेच आणि मालवणलाही तेच, कारण कोरड्या हवेत ऑक्सिजन सर्वत्र २०.९५ टक्केच असतो.

आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. मोबाइलवरील हवामानाचे ॲप जो दाब दाखवते तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. इंदूरला बसून १००८ दिसला तरी खोलीतील खरा दाब तो नव्हे. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर त्याचे थेट वाचन घ्यावे. या फरकाची किंमत पाच टक्के आहे. इंदूरला शुद्ध ऑक्सिजनमध्ये सेल ठेवून हँडसेटला, म्हणजे हातातील डिस्प्लेला, "हा १.० बार" असे सांगितले, तर पुढे तो १.३० दाखवेल तेव्हा प्रत्यक्षात १.२४ च्या आत असेल, आणि वर येतानाच्या थांब्यांचा सगळा हिशेब त्या चुकीच्या आकड्यावर चालेल. पावसाळ्यात हवेतील बाष्पही ऑक्सिजनची जागा घेते. २७ अंशांना आणि ८५ टक्के आर्द्रतेला ०.१९९ चे ०.१९३ होतात.

दुसरी गोष्ट गेजची. सियागंजाच्या बाजारात सहज मिळणारा ० ते १० बारचा गेज १.६ श्रेणीचा असेल तर त्याची मान्य चूकच पूर्ण मापाच्या १.६ टक्के, म्हणजे ०.१६ बार असते. ०.६५ मोजायला तो निरुपयोगी आहे. ० ते १.६ बारचा गेज शोधावा.

तारकर्लीचा_वारा

मी कोकणात डायव्हिंग शिकवतो, मूळ घर मात्र इंदूरच्या रामबागेत, म्हणून हा धागा उत्सुकतेने वाचला. सेल दाबाखाली तपासण्याचा आग्रह आपण धरला आहे त्याबद्दल मनापासून आनंद वाटतो, कारण तयार यंत्रे वापरणारे अनेक जण हवेतील आणि एक बार ऑक्सिजनमधील वाचन पाहून समाधान मानतात. पाण्याखाली यंत्र बहुधा ऑक्सिजनच्या १.३ बार आंशिक दाबावर लावलेले असते आणि आयुष्य संपत आलेला सेल नेमका तेथेच कमी पडतो. हवेत तो चांगला, एक बारला चांगला, आणि त्यापुढे आंशिक दाब कितीही वाढला तरी त्याचे वाचन वाढत नाही. यंत्राला वाटते ऑक्सिजन अजून कमी आहे, सोलेनॉइड, म्हणजे ऑक्सिजनची विजेवर चालणारी झडप, उघडतो, आणखी ऑक्सिजन येतो. पाणबुड्याला याचा काहीच सुगावा लागत नाही आणि जास्त ऑक्सिजनने झटका आला तर तोंडातील नळी सुटते.

तीन सेल आणि बहुमत, म्हणजे जुळणाऱ्या दोघांचे खरे मानायचे, ही रचना येथे आपोआप तारत नाही. एकाच वेळी घेतलेले, एकाच तुकडीतील तीन सेल एकसारखे वापरले तर ते एकत्रच म्हातारे होतात, आणि मग दोन बिघडलेले सेल एका चांगल्याला खोटे पाडतात. आपण निरनिराळ्या महिन्यांचे घेतले हे उत्तम केले. बहुतेक उत्पादक तयार झाल्याच्या तारखेपासून वर्ष ते दीड वर्षात सेल बदलायला सांगतात. तारीख खरेदीची नव्हे, उत्पादनाची मोजायची.

अँड्र्यू फॉक यांनी १९९८ ते २०१० या काळातील हौशी पाणबुड्यांचे १८१ रिब्रीदर-मृत्यू अभ्यासले, तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या स्कूबाच्या तुलनेत धोका चार ते दहा पट असावा असा त्यांचा अंदाज आहे. त्यातील बहुसंख्य यंत्रे कारखान्यात बनलेली होती. घरी बांधणाऱ्याने हे वाचून आपली तपासणीची यादी आणखी लांब करावी, असे मला वाटते.

नवी_विद्यार्थिनी

मी इंदूरलाच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. धागा वाचताना एक प्रश्न सुटत नाही. हवेत चांगला असलेला सेल वर जाऊन एकदम का अडतो? तो हळूहळू सर्वत्रच कमी का होत नाही? आणि काका, दाबाच्या भांड्यासाठी पीव्हीसीचा पाइप किंवा घरातील कुकर चालेल का? हॉस्टेलवर स्टीलचे भांडे बनवून घेणे परवडणारे नाही.

मिलिव्होल्ट

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. सेलच्या तोंडाशी टेफ्लॉनचा पातळ पडदा असतो, आत शिशाचा ॲनोड, सोन्याचा मुलामा दिलेला कॅथोड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण. पडद्यातून झिरपणारा ऑक्सिजन कॅथोडवर खर्च होतो, त्या बदल्यात शिसे ऑक्सिडाइझ होते आणि विद्युतप्रवाह वाहतो. चांगल्या सेलमध्ये शिसे मुबलक असते, म्हणून प्रवाह किती वाहणार हे केवळ पडद्यातून येणाऱ्या ऑक्सिजनवर ठरते, आणि म्हणूनच तो आंशिक दाबाच्या सरळ प्रमाणात असतो. शिशाचा उघडा पृष्ठभाग संपत आला की सेलला कमाल किती प्रवाह देता येईल याला मर्यादा पडते. हवेत लागणारा प्रवाह त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतो, त्यामुळे तेथे वाचन अचूकच येते. मर्यादा गाठेपर्यंत रेषा सरळ, मग आडवी. म्हणून हवेतील मिलिव्होल्टवरून सेलचे उरलेले आयुष्य ठरवता येत नाही.

सेलच्या पाठीवरील सर्किटात तापमानाची भरपाई करणारा थर्मिस्टर असतो, पण तो पडद्यापासून दूर असतो. दाब भरभर वाढवला की वायू तापतो, पडदा आधी तापतो आणि थर्मिस्टर मागाहून. दाब सावकाश वाढवावा, दोन-तीन मिनिटे थांबून मगच वाचन लिहावे.

सांवेररोडकर

बाळ, पीव्हीसी अजिबात नको. तो पाइप पाण्याच्या दाबासाठी आहे. दाबाखालील वायू भरला आणि तो फुटला तर काचेसारखा तडकतो, धारदार तुकडे उडतात. कुकर डिस्प्लेचे घर १ बारपर्यंत, म्हणजे १० मीटर पाण्याइतके, तपासायला वापरता येईल, पण तो पाण्याने भरून. ऑक्सिजनसाठी घरातील कुकर कधीही वापरू नये. झाकणाच्या गॅस्केटमध्ये आणि शिट्टीच्या नळीत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते, कितीही घासले तरी ते पूर्ण निघत नाही, आणि दाबाखालील ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस सहज पेट घेते. आमच्या वर्कशॉपमध्ये सगळीकडे कटिंग ऑइल असते, म्हणून सेलचे भांडे लेथपासून दूर, पोटमाळ्यावरील वेगळ्या टेबलावर ठेवले आहे. हात धुतल्याखेरीज पुतण्याला त्याला हात लावू देत नाही. ओ-रिंगला लावायचे ग्रीसही ऑक्सिजनसाठी असलेले फ्लुओरिनयुक्तच वापरतो. तुला चाचणी पाहायची असेल तर कॉलेजला सुट्टी असताना वर्कशॉपला ये, भांडे येथेच आहे.

भूलतज्ज्ञ_इंदूर

मी शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देतो आणि आमच्या यंत्रातही सोडा लाइम व ऑक्सिजन सेल असतात, म्हणून थोडे लिहितो. सांवेररोडकरांनी यंत्राच्या श्वासमार्गाची गळती-चाचणी कशी घेतली ते लिहिलेले नाही, परंतु कोणतीही घेतली तरी तिने काय सिद्ध होत नाही ते आधी पाहावे. मार्ग फुगवून दाब टिकला आणि हवा ओढून ऋण दाबही टिकला, तर बाहेरचे पाणी आत येणार नाही एवढेच कळते. तोंडात धरायच्या नळीजवळील दोन एकदिशा झडपांपैकी एक उलटी बसली असेल किंवा तिच्या कडेला मीठ साचून ती पूर्ण मिटत नसेल, तर दोन्ही चाचण्या निर्धास्त उत्तीर्ण होतात. सोडा लाइमच्या डब्याची आतली ओ-रिंग राहून गेली तरी तसेच. वायू सोडा लाइमला वळसा घालून जातो आणि बाहेर काहीच दिसत नाही. झडपा प्रत्येकी वेगळ्या तपासाव्यात: एक नळी तळहाताने बंद करून फुंकावे, मग ओढावे, नंतर दुसरी. डब्यातील आतल्या ओ-रिंगसाठी, ती नसेल तर डबा बंदच होणार नाही अशी रचना करता आली तर त्याहून चांगला उपाय नाही. आपल्या हातात लेथ आहे, हे आपल्याला जमेल.

पाण्याबाहेर पाच मिनिटे यंत्रावर श्वास घेऊन "मला काही वाटत नाही, म्हणजे सोडा लाइम ठीक आहे" असा निष्कर्ष काढण्याची पद्धत आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडमधील अभ्यासात ती पडताळून पाहिली गेली. सोडा लाइम मुळीच नसताना चारांपैकी तिघांनी यंत्रावर श्वास घेणे थांबवले, पण तो अर्धवट निकामी असताना दहांपैकी एकालाच शंका आली. आमच्याकडील सोडा लाइम संपला की जांभळा होतो, हेही पूर्ण भरवशाचे नाही, कारण तसाच ठेवून दिला तर रंग परत पांढरा होतो. भरल्याची वेळ आणि वापरलेली मिनिटे डब्यावर लिहावीत.

आमचे सेल स्वस्तात मिळतात म्हणून रिब्रीदरमध्ये बसवावेत का, असे काही जण विचारतात. बसवू नयेत. ते एक बारपर्यंतच्या वापरासाठी बनवलेले असतात आणि त्यापुढील सरळपणाची हमी कोणी देत नाही.

सांवेररोडकर

डॉक्टरसाहेब, डब्याच्या झाकणाची रचना बदलायला घेतली आहे. आतली ओ-रिंग बसली नाही तर झाकणाच्या आट्या धरणारच नाहीत अशी पायरी ठेवतो.

श्वासमार्गाच्या चाचणीसाठी लाकडी फळीवर सलाइनची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून बसवली आहे आणि तिच्यात रंगीत पाणी भरले आहे. पाण्याचा एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक मिलिबार, त्यामुळे महागड्या गेजची गरज पडत नाही. ३० सेंटिमीटरपर्यंत फुगवून ठेवतो. मात्र येथे तापमानाचे भान ठेवावे लागते. बंदिस्त वायू एका अंशाने थंड झाला तर कडक भांड्यात दाब सव्वातीन सेंटिमीटरने उतरतो आणि गळती नसताना गळती भासते. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर ही चाचणी घेण्यात अर्थ नाही. पिशव्या लवचिक असल्याने आमच्याकडे उतार कमी येतो, तरीही पंखा बंद करून आणि थर्मामीटर शेजारी ठेवूनच वाचन घेतो.

आता सेल. भांड्याला दुसरे तोंड काढले, गेज बदलला, ऑक्सिजन वाहता ठेवून वाचने स्थिरावू दिली. १.६ बारला पहिला सेल ८०.५ आणि दुसरा ७८.२ आला; अपेक्षा ८१.२ आणि ७८.८ ची होती. तिसऱ्याकडून ८३.६ अपेक्षित होते, मिळाले ६६.३. पायरी-पायरीने पुन्हा पाहिला. ०.९५ ला ४९.५, म्हणजे निर्दोष. १.२ ला ६१.०, किंचित कमी. १.४ ला ६५.२, आणि तेथून पुढे जवळजवळ आडवा. हवेत सर्वांत जास्त वाचन देणारा सेल हाच होता.

मिलिव्होल्ट

हे आकडे जपून ठेवावेत आणि सर्वांना दाखवावेत. तिसऱ्या सेलचा हवेवरचा गुणांक बारला ५२.३ मिलिव्होल्ट आहे. ६६.३ ला त्याने भागले तर १.२७ येतात. म्हणजे प्रत्यक्षात आंशिक दाब १.६ असताना हा सेल यंत्राला १.२७ सांगतो आहे. यंत्र १.३ वर लावलेले असेल आणि असा सेल दोन जागी बसलेला असेल, तर १.३ कधी येणारच नाही आणि सोलेनॉइड ऑक्सिजन देत राहील.

नवी_विद्यार्थिनी

आकड्यांवरून आता नीट कळले. मग १.६ बारचा धोका प्रत्येकासाठी सारखाच असतो का? कोणाला किती चालते हे आधी तपासता येत नाही का?

भूलतज्ज्ञ_इंदूर

तपासता येत नाही, आणि हे फार पूर्वीच सिद्ध झाले आहे. दाबाखालील ऑक्सिजनने झटके येतात हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बर्ट यांनी १८७८ मध्ये मांडले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी केनेथ डोनाल्ड यांनी पाणबुड्यांवर विस्तृत प्रयोग केले, त्यांत दिसले की सहनशक्ती माणसागणिक तर बदलतेच, पण एकाच माणसाची आज एक आणि उद्या दुसरी असते. पाण्यात आणि श्रम करताना ती कोरड्या जागेपेक्षा कमी असते. म्हणून काम करताना १.४ आणि वर येताना विश्रांतीच्या थांब्यावर १.६ ही वरची हद्द मानतात.

तारकर्लीचा_वारा

एक शंका स्पष्ट विचारतो, राग मानू नये. पुढचा टप्पा म्हणून तरणतलावात उतरण्याचा विचार आहे का? दीड-दोन मीटर पाणी म्हणजे सुरक्षित, असा समज रिब्रीदरबाबत उलटा ठरतो. ऑक्सिजनची भर थांबली तर शरीर तो वापरत राहते, आणि उथळ पाण्यात एकूण दाबच कमी असल्याने आंशिक दाब लवकर ०.१६ च्या खाली जातो. सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड काढत असतो, त्यामुळे गुदमरल्याची जाणीव होत नाही. माणसाची शुद्ध अचानक हरपते. माझ्या मते प्रमाणित यंत्रावर रीतसर प्रशिक्षण झाल्याशिवाय, आणि शेजारी त्यातले कळणारा माणूस असल्याशिवाय, गुडघाभर पाण्यातही ते तोंडात धरू नये.

सांवेररोडकर

राग कसला, हेच ऐकायचे होते. तरणतलावाचा विचार पुतण्याच्या मनात होता, तो आपले उत्तर वाचून थांबला आहे. सध्या भात्याने श्वासमार्गातून हवा फिरवायची आणि मोजून कार्बन डायऑक्साइड सोडून सोडा लाइम किती वेळ टिकतो ते पाहायचे, एवढेच हाती घेतले आहे. प्रशिक्षणासाठी थंडीत तिकडे येण्याचा विचार आहे, तेव्हा आपल्याला कळवीन.

तिसऱ्या सेलचे काय करावे? आत शिसे आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आहे, साध्या कचऱ्यात टाकवत नाही.

मिलिव्होल्ट

लगेच टाकू नका. दाबाखाली अडणारा सेल आपल्याकडे आहे, तर प्रत्येक चाचणीच्या वेळी तो चांगल्या सेलबरोबर भांड्यात ठेवा. चांगले सेल ८० च्या घरात गेले आणि हा ६६ च्या जवळ अडला, तरच त्या दिवशी भांडे, गेज आणि ऑक्सिजन ठीक आहेत असे समजा. पडदा फुगला किंवा द्रावण पाझरू लागले की कचऱ्याच्या गाडीतील घरगुती घातक कचऱ्याच्या डब्यात द्या. पाझरलेल्याला हातमोजे घालूनच उचला, ते द्रावण कातडी जाळते. तोपर्यंत त्याला लाल रंग द्या आणि त्याच्या आट्या कानशीने घासून टाका, म्हणजे तो चुकूनही यंत्राच्या डोक्यात बसणार नाही.